धुराड्यामागची जागा

इंग्लंडात प्रोटेस्टंट राणीच्या राज्यात कॅथलिक पाद्र्याला फाशी होती, म्हणून बाईसाहेबांचे भाऊ फादर अँब्रोज आमच्या दिवाणखान्याच्या धुराड्यामागच्या चोरखोलीत लपले होते. झडतीला आलेला अंमलदार थंड शेकोटीपाशी खुर्ची ओढून बसला. “डिसेंबरात विस्तव नाही? पाहुण्यांना गारठवून मारता काय, बाईसाहेब?” बाईसाहेब माझ्याकडे वळल्या. “सिसली, पेटव गं. साहेबांना थंडी वाजतेय.” मी पेटवली. अंमलदार तासनतास पाय शेकत बसला. बाईसाहेब त्याच्याशी मेंढ्यांविषयी, लोकरीविषयी बोलत राहिल्या. भिंतीतून आवाज आला नाही. तो गेल्यावर आम्ही विस्तवावर पाणी ओतलं आणि फळी सरकवली. आत फादर बसल्या जागीच गेले होते. खोकला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची बाही तोंडात कोंबली होती. त्यांना सफरचंदाच्या बागेत पुरलं. अजूनही ती शेकोटी पेटवण्याआधी मी भिंतीवर टकटक करते आणि क्षणभर थांबते.