तेलाचा पूर्वरंग

“एकशे सत्तर! आणखी दहा अंश चढले की वाइंडिंग जळेल, बाई. बंद करतो,” म्हणत मोकाशीसाहेबांनी लाल बटणावर हात ठेवला.

टेस्ट बेंचवर नव्या बसची मोटर घाटाएवढा लोड ओढत होती. आजवर अशा मोटरच्या अंगाभोवती पाणी फिरायचं, तरी आतलं वाइंडिंगचं तांबं भाजायचंच. “बाहेरून गंगास्नान, आत नुसता संताप,” असं म्हणत वैजयंतीने पोकळ शाफ्टमधून थेट वाइंडिंगवर तेल उडवायची रचना केली होती. आज मोटर जळाली तर ती रचना भंगारात जाणार होती.

“तेल अजून गार आहे, साहेब. घट्ट आहे म्हणून पसरत नाही. जरा तापू दे, मग बघा कसं धावतं. कीर्तनात माझा गळा तरी नमनालाच कुठे सुटतो?”

“अहो, इथे नमनालाच घडाभर तेल झालंय!”

“पांडुरंगावर सोडा,” म्हणून तिने टेबलावर बोटांनी ठेका धरला.

एकशे चौऱ्याहत्तरवर आकडा थबकला. मग उतरू लागला, तो थेट एकशे चाळीसवर येऊन स्थिरावला. बटणावरचा साहेबांचा हात कधीच निघाला होता. त्यांनी कोपऱ्यातल्या गणपतीच्या तसबिरीचा हार आणून तिच्या गळ्यात घातला.

“जिंकलात, बाई! आता आवरूया.”

“आवरायचं कसं? कीर्तनात बुवांना हार घातला की पूर्वरंग संपतो, साहेब. आख्यान तर पुढेच असतं,” वैजयंती हसली आणि तिने लोड आणखी वाढवला.