नंदीचा डावा कान

डावा कान तेवढा राहिला होता. शिंगाच्या मुळाशी चिकटलेला बोटभर दगड काढला की कान मोकळा होणार आणि नंदी नेसरीकडे निघणार. आकारामनं छिन्नी लावली, हातोडी उचलली आणि तशीच खाली ठेवली. सकाळपासून ही चौथी वेळ.

गारगोटी रस्त्याकडेच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, समोरच्या खुर्चीत उदयसिंह पाटील बसले होते. नेसरीच्या देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. नंदी न्यायला टेम्पो घेऊनच आले होते.

"मामा, हातोडी उचलायला भटजीला मुहूर्त इचारू काय? परवा बसवायचाय नंदी."

आकारामनं हसून मान हलवली. पाटील काय बोलले ते त्याला कळलं नव्हतं. अलीकडे तो सगळ्यालाच हसून मान हलवायचा आणि लोक त्याला गरीब स्वभावाचा समजायचे.

चाळीस वर्षं दगडावर घाव घालून त्याचे कान गेले होते. आधी चिमण्या गेल्या, मग फोनची रिंग, आणि दिवाळीपासून छिन्नीचा आवाज. ग्रॅनाइटच्या कामात तर आवाज म्हणजेच सगळं. दगड धड असेल तर घाव खणखणीत वाजतो. आत चीर धरली की तोच घाव बद्द वाजतो, फुटक्या मडक्यासारखा. तिथं हात थांबला नाही, तर पुढच्या घावाला नंदीचा कान खाली. आणि भंगलेला नंदी कुठलं देऊळ घेणार? सहा महिन्यांचं काम मातीत.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. बहिऱ्या पाथरवटाच्या हातात दगड कोण देणार? त्यानं आपली एक युक्ती काढली होती. त्याची बायको विठाबाई रोज समोर पोत्यावर बसून दगडावर पाणी मारायची. इतकी वर्षं ऐकून तिचाही कान तयार झाला होता. घाव बद्द वाजला की तिच्या कपाळाला आठी पडायची. आकाराम दगडाकडे बघतोय असं दाखवून तिच्या कपाळाकडे बघायचा आणि आठी दिसली की हात आवरायचा. दिवाळीपासून अख्खा नंदी त्यानं असाच घडवला होता आणि बाईला पत्ताही नाही, म्हणून मनातल्या मनात खूश होता. अलीकडे ती काही सांगायचं तर समोर येऊन, तोंड मोठं उघडून, सावकाश सांगायची. वय झालं की बायका अशाच होतात, असं त्याला वाटायचं.

आज नेमकं पाटलांनी तिला चहा करायला पिटाळलं होतं. पोतं रिकामं होतं.

आकारामनं छिन्नीच्या टोकावर बोट फिरवलं. टोक चांगलं होतं, तरी घासलं. दगडावर पाणी मारलं, पुसलं, परत मारलं. पाटील उठून जवळ आले.

"मशीन लावा की. दोन मिंटाचं काम."

आकाराम त्यांच्या ओठांकडे बघत राहिला. "कर्नाटकातला हाय," तो म्हणाला.

"आँ?"

"दगूड वो. लई कडक जात."

पाटील त्याच्याकडे निरखून बघू लागले. आता हात चालवल्याशिवाय सुटका नव्हती. आकारामनं छिन्नी लावली, डोळे मिटले आणि हातोडी उचलली.

खांद्यावर ओला हात पडला. विठाबाई धापा टाकत उभी होती. हातात चहा नव्हता.

"दूद नासलं," तिनं पाटलांना सांगितलं आणि ती पोत्यावर जाऊन बसली.

एक घाव. कपाळ साफ. दुसरा. साफ. तिसरा, चौथा. बारीक कपची उडाली. पाचव्याला आठी पडली आणि आकारामचा हात वरच थांबला.

"का थांबला? झ्याक वाजतंय की," पाटील म्हणाले.

आकारामनं दगडावर पाणी मारून फडकं फिरवलं. बाकीचा दगड सुकला, पण केसाएवढी एक रेघ ओलीच राहिली. कानाकडे निघाली होती, अजून पोचली नव्हती. त्यानं छिन्नी फिरवून दुसऱ्या बाजूनं धरली आणि हलक्या हातानं टोचत टोचत आत गेला. विठाबाईच्या कपाळावरून त्याची नजर हलली नाही. शेवटी तो तुकडा रेघेसकट खाली पडला. कान आणि शिंग यांच्यामधून त्यानं बोटं फिरवून बघितली. मग मात्र तो मटकन खाली बसला.

"मामा, कान तिखट हाय तुमचा!" पाटलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आकारामनं हसून मान हलवली.

नंदी हलवण्याआधी त्याच्या कानात पहिलं मागणं घडवणाऱ्याच्या घरचं, अशी रीत. आकारामला उठवेना, म्हणून त्यानं विठाबाईला पुढं केलं. तिनं डाव्या कानाशी तोंड नेलं, आडवा हात धरला आणि दोन शब्द बोलून बाजूला झाली.

"काय मागिटलंस?" आकारामनं विचारलं.

ती त्याच्यासमोर आली. उजेड तोंडावर पडेल अशी उभी राहिली. मग एकेक शब्द सुटा करत, सावकाश तिचे नुसते ओठ हलले.

"माजं कान तेवढं शाबूत ठेव, म्हटलं."

आकारामची नजर तिच्या ओठांवरून कपाळाकडे गेली.

दोन पावलांवर उभ्या असलेल्या पाटलांनी कानामागं हात धरला.

"काय म्हटलं, मावशी? मला न्हाय ऐकू आलं."