पोचल्याचा फोन

“केर काढू काय, अक्का?” यल्लव्वानं आत येताच विचारलं आणि कोपऱ्यातला झाडू उचलला.

“ठेव तो खाली,” सुनंदाबाई म्हणाल्या. “अजिंक्य अजून पोचायचाय.”

यल्लव्वानं मुकाट्यानं झाडू ठेवला. माणूस घरातून गेलं की ते पोचेपर्यंत मागं केर काढायचा नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तीही बेळगावकडचीच. पण इथं शहरात, येलहंक्यातली तिची अजून दोन घरं व्हायची होती आणि एक वाजून गेला होता. ती भांड्यांना लागली.

सुनंदाबाई सोफ्यावर बसून राहिल्या. फरशीवर चार दिवस राहून गेलेल्या लेकाच्या कुटुंबाचा पसारा तसाच होता. चुरमुरे, रंगखडूंची सालं, नातीनं, आश्लेषानं, कातरलेले कागदाचे कपटे, आणि टीपॉयखाली तिचा एक इवलासा मोजा. निघताना सून आवरायला वाकली होती, तर उशीर होईल म्हणून यांनीच तिला बाहेर काढलं. एरवी या बाई अशा, की पाहुण्यांच्या चपला वाकड्या दिसल्या तरी उठून सरळ करतील. आज मात्र कपट्यांवर पाय पडू नये म्हणून जपून चालत होत्या.

पूर्वी बरं होतं. अजिंक्य रात्रीच्या बसनं बेळगावला आपल्या घरी परतायचा. पाचशे किलोमीटरचा रस्ता. पोचल्याचा फोन सकाळी सातला यायचा आणि तोवर रात्रभर घर भरलेलंच वाटायचं. केर निघाला की मग ते खायला उठायचं. आता सगळं विमानानं. “सव्वा तास, आई. डोळा लागेपर्यंत उतरायची वेळ होते,” अजिंक्य कौतुकानं सांगायचा. त्या विमानानं आईची अख्खी रात्र हिरावून घेतली, हे त्याला कोण सांगणार?

दोनला दहा कमी असताना फोन वाजला. सुनंदाबाईंनी तो थोडा वाजू दिला.

“आई, पोचलो गं. आत्ताच उतरलो. आश्लेषा झोपलीय खांद्यावर. बॅगा घ्यायच्यात, ठेवतो हं.”

“सावकाश जा,” त्या म्हणाल्या, पण तोवर फोन बंद झाला होता.

यल्लव्वा ओले हात पदराला पुसत बाहेर आली. “पोचले न्हवं? काढू आता?” तिनं झाडू हातात घेतलासुद्धा.

सुनंदाबाईंनी फोन बाजूला ठेवला. “स्वल्प थांब,” त्या म्हणाल्या. “विमान पोचलंय. तो घरी कुठं पोचलाय?”

“विमानतळावरनं गावात यायला कितीसं लागतंय, अक्का? अर्धा तास.”

सुनंदाबाई टीपॉयखाली बघत राहिल्या. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलंही नाही.

यल्लव्वानं त्यांच्याकडं पाहिलं, मग फरशीकडं. झाडू तिनं परत कोपऱ्यात आडवा ठेवला.

“तरी वाटेत रेल्वेचं फाटक हाय,” ती म्हणाली. “ते एकदा पडलं की सांजेपतुर उघडत न्हाई.”