दस्त्यावरचं कुंकू

आमच्या सौदी मालकाला सुट्या भागांतून नेमबाजीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल जोडून हवी होती. नळी, ट्रिगर, लाकडी दस्ता, सगळं रियाधमधल्या अल सुलै भागातल्या वर्कशॉपमध्ये मीच बसवलं. मॅनेजर श्रीपाद एसीखाली चहा ढोसत होता. पुण्यात म्हणे इंजिनिअरिंगला पहिला आला. पाना उलटा धरतो. काल खंडेनवमी म्हणून हत्यारांबरोबर रायफललाही मी गुपचूप हळदकुंकू लावलं आणि पुसून टाकलं, इथं पूजाअर्चा चालत नाही. आज रेंजवर श्रीपाद छाती फुगवून म्हणाला, “साहेब, हिला माझ्याशिवाय कोणाचाही हात लागलेला नाही.” मालकानं दस्त्यावर गाल टेकवून गोळी झाडली. मान वर केली, तर गालावर कुंकू! त्यानं गाल पुसून लाल झालेली बोटं पाहिली. “हे कोणी लावलं?” श्रीपाद पांढराफटक पडला. “मी नाही! मी हातसुद्धा लावला नाही, सगळी यानंच जोडली!” माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, जाणार हे कळत होतं. तरी म्हटलं, चला, खोटारडा एकदाचा खरं बोलला.