आता सगळं मशीनच करतं

आमच्या ललितचं डोकं फिरलंय. सून दामिनी शहाद्याच्या लॅबमध्ये केळीच्या रोपांचा रोग तपासते. तिथं कोरोनाच्या तपासणीला होतं तसलं मशीन आलंय. दामिनी ज्याला जनुक म्हणते, त्याच्या लाखो नकला ते आपोआप काढतं, हिनं नुसतं बटण दाबायचं. हे ऐकल्यापासून ललितचं एकच चालू, "माय, आते समदं मशीनच करस. तिले सांग, नोकरी सोड आन् घर बठ."

दामिनी रडवेली होऊन माझ्याकडे बघायला लागली. सुनेची बाजू मी आजवर कधी घेतलेली नाही.



मी म्हटलं, "ललित, तुन्ही वावरनी मोटर बी मोबाईलवर चालू व्हस. आजपशी तू घर बठ, भाकरी टाक. मोबाईल मी दाबसू!"