कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर

"बोलायचं न्हाई ते," चेअरमनचा पुतण्या युवराज मागच्या पोरांकडं बघून हसला. "विंडोज अठ्ठ्याण्णव हाय. नव्या कॉम्प्युटरला सात जन्मात ओळख देणार न्हाई. लावा बे पैज!"

बबितानं मान वर केली नाही. ग्रामपंचायतीच्या टेबलावर तिचा लॅपटॉप होता. त्याच्या पडद्यावर एक चौकट, आणि चौकटीत पंचवीस वर्षांपूर्वीचं विंडोज. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. शेजारी पंचायतीचा नवा कोरा कॉम्प्युटर, आणि दोघांच्या मध्ये एक निळी वायर.

म्हाळू सुनेच्या खुर्चीमागं उकिडवा बसला होता. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की आज त्या चौकटीतून यादी बाहेर आली नाही तर डोंगराखालचं गायरान गेलं. एकतीस घरांनी मग मेंढरं न्यायची कुठं?

यादी मेंढपाळ संस्थेची. कुणाचा कळप कुठल्या गटात चरायचा, त्याची नोंद. संस्थेच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरात होती. आठ वर्षांमागं ऑफिस फुटलं, कॉम्प्युटर गेला, आणि वर्ष सरायच्या आत चेअरमन अर्जुनरावांनी गायरानाला तारेचं कुंपण घातलं. कुणी यादीचं नाव काढलं की ते मिशीला हात लावून म्हणायचे, "कसली यादी? कधी नव्हतीच."

आणि गेल्या महिन्यात बबिता म्हणाली होती, "मामा, मी संस्थेचं जुनं मशीन लॅपटॉपात उभं करते. तुमी नावं सांगत ऱ्हावा, ताडून बघायला."

"घावलं कुठं पर?"

"तुमी सांगा तर."

म्हाळूनं आठ दिवस नावं सांगितली.

वडवणीहून सुनावणीला आलेल्या नायब तहसीलदार वनमाला मॅडमनी चष्मा सारखा केला. "पेनड्राइव्ह चालणार नाही. यादी सगळ्यांसमोर या कॉम्प्युटरवर आली पाहिजे."

"पेनड्राइव्ह ह्या जुन्याला कळतच न्हाई, मॅडम. नेटवर्कवरूनच आणते."

"सूनबाई," अर्जुनराव खुर्चीत रेलले, "मेंढरं राखायची सोडून कावून डोकं शिणवतीस? चहा घे, घरी जा."

"आमी मेंढीच्या दुधाचा चहा पितो, अर्जुनराव. तुमचा पचत न्हाई."

मागं बसलेल्या बाया पदराआड खुदकल्या. अर्जुनराव हसले नाहीत.

बबितानं दोन अक्षरं टाइप केली. जुन्यानं नव्याला हाक मारली. उत्तर नाही.

"वायर बदलू का?" म्हाळू हळूच म्हणाला.

"वायरीचं न्हाई, मामा. जुन्याला नवं नेटवर्क कार्ड दिसतच न्हाई. त्याच्या काळातलं कार्ड हाय असं भासवावं लागतंय."

म्हाळूच्या डोळ्यांत ओळख चमकली. "मेंढीचं कोकरू मेलं, की त्याचं कातडं आमी पोरक्या कोकरावर पांघरतो. वास आला की मेंढी पाजती."

"तसंच, मामा. अगदी तसंच."

तिनं चौकट बंद केली, सेटिंगमध्ये जुन्या जातीचं कार्ड निवडलं, मशीन पुन्हा उठवलं. ड्रायव्हर घातला. दोघांना एकाच घराण्याचे नंबर दिले, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. पुन्हा हाक. पुन्हा उत्तर नाही.

युवराजनं टाळी वाजवली.

"थांबा की वो," बबिता त्याच्याकडं न बघता म्हणाली. "पंचायतीच्या कॉम्प्युटरनं आतून फायरवॉलची कडी लावलीय. मॅडम, ह्या वायरीपुरती काढू का?"

मॅडमनी मान डोलावली. कडी निघाली. काळ्या पडद्यावर एकाखाली एक चार ओळी उमटल्या. उत्तर आलं, उत्तर आलं, उत्तर आलं, उत्तर आलं.

बाया उठून पुढं आल्या. युवराजही आला. त्यानं माऊस हिसकून इकडंतिकडं दाबलं आणि त्याचा चेहरा उतरला. "काका, खरंच अठ्ठ्याण्णव हाय. फायलीची तारीखबी दोन हजार एकची."

अर्जुनराव खुर्चीच्या टोकाला आले.

नवा कॉम्प्युटर जुन्याचं शेअर केलेलं फोल्डर उघडेना. बबितानं तो नाद सोडला आणि एफटीपीच्या जुन्या वाटेनं फाइल सोडली. क्षणात ती पलीकडं जाऊन बसली. मॅडम मोठ्यानं वाचू लागल्या.

"म्हाळू, गट एकशे अकरा. सोमेश्वर, एकशे बारा. रुक्मिणीबाई, एकशे तेरा..."

म्हाळू बोटांवर मोजू लागला. नावं कळपासारखी एकामागं एक येत होती, आणि एकही कोकरू चुकलेलं नव्हतं.

"गट एकशे चौदा, संस्थेच्या सामाईक चराईला."

म्हाळू चमकला. एकशे चौदात तर अर्जुनरावांचा ऊस. वडिलोपार्जित. हे त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. त्यानं सुनेकडं पाहिलं. ती पडद्याकडं नाही, अर्जुनरावांकडं बघत होती.

"माझा ऊस?" अर्जुनराव ताडकन उठले. "मेंढरांना? एकशे चौदा त्यात नव्हता!"

"कशात नव्हता?" मॅडमनी विचारलं.

"यादीत!"

"यादी कधी नव्हतीच, असं तुम्ही सकाळी लिहून दिलंय."

बाया हसल्या. या खेपेला पदराआड नाही. अर्जुनरावांच्या कानशिलाची शीर फुगली.

"चोरट्यांनी विकला असेल कॉम्प्युटर," बबिता शांतपणे म्हणाली. "फिरत फिरत आला असेल हातात."

"फिरत फिरत कसा येईल गं?" अर्जुनराव गरजले. "माझ्या हिरीत सात परस खोल पाण्याखाली हाय तो! ह्या हातानं टाकलाय!"

मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

"हे लिहून घ्या, मॅडम," बबिता निळी वायर गुंडाळत म्हणाली. "आन् ही यादी म्या काल टाइप केलीय, जुन्याचं घड्याळ मागं फिरवून, तेबी लिहा."