चौकोनी भोकाचं नाणं

मैनाचा नवरा आगबोटीवर खलाशी म्हणून चीनला गेला. वर्षभराने कुणा अनोळखी माणसाच्या हाती घरी चौकोनी भोकाचं एक नाणं आलं, सोबत चिठ्ठी नाही की निरोप नाही. दहिवलीचा सोनार म्हणाला पितळ, भटजी म्हणाले यंत्र. मैनाने धन्याची खूण म्हणून ते मंगळसूत्रात ओवलं.

अकरा वर्षांनी वटपौर्णिमेला ती वडाला सूत गुंडाळत होती. सावलीत टेकलेल्या एका म्हाताऱ्या खलाशाची नजर नाण्यावर गेली.

"पोरी, ह्यो चीनचा पैसा. आमा खलाशांत लिवनारं कोन नव्हतं. जो मरंल, त्याच्या घरी असा एक धाडायचा, असं ठरलं होतं गं."

मैनाने नाणं पदराआड सारलं.

"हळू बोला, बाबा. माजे अजून तीन फेरे ऱ्हायलेत."